ऑफिसचा जुना सर्व्हर: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

जून महिना. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावातील एखाद्या शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. दहावी झालेल्या मुलांचे पालक टी.सी.साठी खिडकीबाहेर उभे आहेत. कोणाला बोनाफाईड हवे आहे, तर कोणी जात वैधतेसाठी आजोबांच्या निर्गम उताऱ्याची प्रत मागायला आले आहे. बाबूंनी फाईलवर क्लिक केले, की पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहते. कोपऱ्यातल्या टेबलाखाली धूळ खात पडलेल्या संगणकातून मधूनच 'कट... कट' असा आवाज येतो. हाच या कार्यालयाचा सर्व्हर. बारा वर्षांपूर्वी घेतलेला.

गावातला दुरुस्तीवाला येऊन बघतो आणि म्हणतो, "सर, आता याच्यात पैसे घालू नका. नवा घेऊन टाका." लातूरहून आलेला दुसरा म्हणतो, "सर, नुसती हार्ड डिस्क बदलू. अजून चार-पाच वर्षं बघायचं काम नाही." मुख्याध्यापक दोघांकडे बघतात. वेतनेतर अनुदान कधी हातात पडेल याचा नेम नाही आणि रांग तर वाढते आहे.

हे चित्र कल्पनेतले आहे, पण कोणत्याही छोट्या कार्यालयाला ते परके वाटणार नाही. पतसंस्था, दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब, कर सल्लागार, आडत दुकान, सगळीकडे असा एखादा जुना संगणक असतोच. त्याच्यावर सगळ्यांचे काम चालते आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा, याचे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. मात्र उत्तर कसे शोधायचे, हे कोणालाही समजण्यासारखे आहे. थोडा हिशेब आणि थोडे विज्ञान, एवढेच त्याला लागते.

रेकॉर्ड रूममधला शिपाई

फाईल सर्व्हर म्हणजे ज्याच्या पोटात सगळ्यांच्या फायली ठेवल्या आहेत असा संगणक. बाकीचे संगणक वायरीतून त्याच्याकडे फाईल मागतात, तो काढून देतो. काम झाले की परत जागेवर ठेवतो. जुन्या कचेरीतला रेकॉर्ड रूमचा शिपाई हेच करायचा. गठ्ठा शोधायचा, आणून द्यायचा. गठ्ठ्यात काय लिहिले आहे ते वाचण्याचे काम त्याचे नव्हते.

म्हणूनच या कामाला फार ताकदीचा प्रोसेसर लागत नाही. चार-पाच जण कागदपत्रे आणि स्कॅन केलेली पाने उघडत असतील, तर बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही बहुतांश वेळ रिकामा बसलेला असतो. मग काम रेंगाळते कशामुळे? संशयित प्रामुख्याने दोन: हार्ड डिस्क आणि नेटवर्क.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात. अनेक डिस्कचा वेग मिनिटाला ७,२०० फेऱ्यांचा असतो, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एका फेरीला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. वाचणारी दांडी योग्य जागी जाणार, चकतीचा हवा तो भाग तिच्याखाली येणार, मग वाचन सुरू होणार. यात दर वेळी साधारण १० ते १५ मिलिसेकंद जातात. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण एखाद्या फोल्डरमध्ये स्कॅन केलेली हजारो पाने असतील आणि तिघे जण एकाच वेळी ती मागत असतील, तर दांडीची नुसती धावपळ होते. चिपवर चालणाऱ्या एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही. तिला हीच जागा शोधायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. फरक शंभर पटीचा आहे.

दुसरा संशयित भिंतीवर धूळ खात असतो. वायरी जोडण्याची पेटी, म्हणजे स्विच, जुना असेल तर त्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट असतो. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट, प्रत्यक्षात अकराच्या आसपास. एक जीबीची फाईल जायला दीड मिनिट. हाच स्विच गिगाबिटचा असेल तर तेच काम दहा सेकंदांत होते. गिगाबिटसाठी वायरीतल्या आठही तारा शाबूत लागतात, तर १०० मेगाबिटला चार पुरतात. उंदराने वायर कुरतडली किंवा प्लग नीट बसला नाही, तर नेटवर्क कोणालाही न सांगता खालच्या वेगावर उतरते आणि 'चालू' राहते. अशा ठिकाणी कितीही महागाचा नवा सर्व्हर आणून ठेवला, तरी फाईल उघडायला तेवढाच वेळ लागणार.

हे ओळखायला एक घरगुती चाचणी आहे. दुसऱ्या संगणकावरून एक जीबीची फाईल सर्व्हरवरून कॉपी करा आणि घड्याळ लावा. वायरने जोडलेल्या संगणकावरूनच करा, कारण वाय-फायचा वेग सतत बदलतो. दहा-बारा सेकंद लागले, तर नेटवर्क ठणठणीत आहे. एका चालीने दीड मिनिट लागले, तर आधी स्विच आणि वायर बघा. वेग मध्येच शून्यावर जात असेल, पुन्हा वाढत असेल, पुन्हा थांबत असेल, तर डिस्ककडे संशयाने पाहा. मोठी फाईल झटकन येते पण हजार छोट्या फायलींचे फोल्डर उघडताना जीव जातो, असे असेल तर डिस्क धडधाकट असूनही तिची पद्धत जुनी झाली आहे. तिथे एसएसडीने खरा फरक पडतो.

जुन्या संगणकाचा मदरबोर्ड एसएसडीला पूर्ण वेगाने चालवू शकत नाही, असे सांगून नवे यंत्र गळ्यात मारले जाते. सांगणे खरे आहे, पण इथे गैरलागू आहे. जुना साटा-२ जोडसुद्धा सेकंदाला तीनशे मेगाबाइटच्या आसपास देऊ शकतो. गिगाबिटच्या वायरीतून सव्वाशेच्या वर काही जातच नाही. नळ अर्ध्या इंचाचा असेल तर टाकीचा पाइप दोन इंचाचा की तीन इंचाचा, याने बादली भरायच्या वेळात फरक पडत नाही.

'कट-कट' आवाजाचा अर्थ

आता त्या आवाजाकडे येऊ. ७,२०० फेऱ्यांची डिस्क चोवीस तास चालू राहिली, तर दिवसाला एक कोटी तीन लाखांहून अधिक फेऱ्या मारते. वाचणारे टोक चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. इतके नाजूक यंत्र वर्षानुवर्षे चालते हेच नवल. पण ते कायमचे टिकत नाही. संगणकातल्या इतर भागांपेक्षा डिस्क झिजणारी वस्तू आहे, गाडीच्या टायरसारखी. टायर झिजले म्हणून कोणी गाडी भंगारात काढत नाही, आणि गाडी नवी दिसते म्हणून गुळगुळीत टायरवर कोणी पंढरपूरला निघत नाही.

डिस्क मरण्याआधी इशारा देते का? २००७ मध्ये गुगलच्या एदुआर्दो पिनेरो आणि सहकाऱ्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते. या सोयीला 'स्मार्ट' म्हणतात. अभ्यासात आढळले, की तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतर पुढच्या साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. म्हणजे पहिला इशारा गंभीरपणे घ्यायचा. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमान वगळता, एकाही नोंदीत कसलाही इशारा दिलेला नव्हता. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित होती आणि सकाळी उठलीच नाही, असा प्रकार.

उष्णतेबद्दलही या अभ्यासाने एक समज बदलला. मध्यम तापमानाचा डिस्कवर वाटतो तेवढा परिणाम दिसला नाही. मात्र तीन वर्षांपेक्षा जुन्या डिस्क फार तापल्या, तर त्या जास्त प्रमाणात गेल्या. लातूर जिल्ह्यातला उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या किंवा बंद खोलीत, टेबलाखाली, धुळीने गच्च झालेल्या पंख्याच्या भरवशावर चालणाऱ्या बारा वर्षांच्या डिस्कसाठी एप्रिल-मे हे कसोटीचे दिवस असतात. महिन्यातून एकदा ब्लोअरने धूळ काढणे हा सर्वात स्वस्त उपचार आहे.

आवाज येऊ लागला असेल, तर एक गोष्ट अजिबात करू नका. डिस्क 'दुरुस्त' करणारे प्रोग्राम चालवू नका. ते संपूर्ण डिस्क पुन्हा पुन्हा वाचायला लावतात. दमलेल्या माणसाला पळायला लावण्यासारखेच ते आहे. सगळ्यात मोलाच्या फायली आधी दुसरीकडे घ्या, मग बाकीच्या. डिस्क उघडतच नसेल तर बंद करून ठेवा. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्याने उरलीसुरली आशाही जाते.

यंत्र नंतर, नोंदी आधी

नवे की जुने या वादात खरा प्रश्न मागे पडतो. तो आहे आतल्या नोंदींचा. यू-डायस, सरल, शालार्थ यांमुळे शाळेची बरीच माहिती आता ऑनलाइन असते. पण जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवह्यांचे स्कॅन, निकालपत्रके, सेवापुस्तकांच्या प्रती कार्यालयातच असतात. दवाखान्यात पेशंटचे जुने रिपोर्ट, पतसंस्थेत कर्जदारांची कागदपत्रे. संगणक बाजारात मिळतो, या गोष्टी मिळत नाहीत.

जुन्या नोंदीचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी या भागातल्या कचेऱ्यांमधून निजामकालीन नोंदी शोधल्या गेल्या. महसुली कागदांसोबत शाळांच्या नोंदवह्याही उघडल्या गेल्या. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. शंभर वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद जाणकाराच्या हाती पडला आणि वाचला गेला. २०१४ मध्ये घेतलेल्या हार्ड डिस्कबद्दल आज तेवढी खात्री देता येत नाही. म्हणून स्कॅन झाले म्हणजे मूळ वही नको झाली, असे समजू नये. आणि स्कॅन एकाच डिस्कवर असेल, तर ते आहे असे धरू नये.

यासाठी जगभर एक सोपा नियम वापरला जातो: ३-२-१. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकप्रिय केला. प्रत्येक फाईलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्या कार्यालयापुरते सांगायचे, तर एक प्रत सर्व्हरवर, दुसरी बाहेरच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या इमारतीत.

दुसऱ्या इमारतीची गरज काय, असे वाटेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात काय झाले, ते या जिल्ह्याने पाहिले आहे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या कित्येक घरांत आणि दुकानांत पाणी शिरले. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा राज्याच्या मुख्यालयातल्या फायलीही जळाल्या. भूकंप, पूर आणि आग इमारत बघून येत नाहीत. एकाच कपाटातल्या तीन प्रती एकदमच जातात.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. सर्व्हरमध्ये दोन डिस्क बसवून दोन्हीवर एकाच वेळी लिहिण्याची सोय असते. तिला रेड म्हणतात. एक डिस्क गेली तर काम थांबत नाही, हा तिचा फायदा. पण ती दुसरी प्रत नव्हे. चुकून फाईल पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. दुसरा गैरसमज एसएसडीबद्दल. वेगासाठी ती उत्तम, पण वर्षानुवर्षे बंद कपाटात ठेवण्यासाठी नाही. तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपतो. पूर्ण वापरून संपत आलेल्या साध्या एसएसडीने तीस अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच उद्योगाच्या मानकाची अपेक्षा असते. तापमान वाढले की हा काळ कमी होतो. नव्या एसएसडीत तो जास्त असतो हे खरे, पण आपल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी फिरती पोर्टेबल डिस्कच बरी.

घानातल्या खंडित विजेची गोष्ट

डिस्क नवी घातली, रॅम वाढवली, तरी एक गोष्ट जुनीच राहते: आतली प्रणाली. इथे मात्र जुने म्हणजे धोक्याचे.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. तो फायलींना कुलूप लावायचा आणि सोडवण्यासाठी पैसे मागायचा. विंडोजमध्ये फायली शेअर करण्याची जी जुनी व्यवस्था आहे, तिच्यातल्या छिद्रातून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जात होता. म्हणजे फाईल सर्व्हर ज्या दाराने फायली देतो, नेमके तेच दार. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टच्या कामावर परिणाम झाला. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलेली नव्हती.

महिनाभराने, २७ जून रोजी, 'नॉटपेट्या' आला. त्यानेही तेच छिद्र वापरले. युक्रेनमध्ये सुरू झालेली साथ मर्स्क या जहाज कंपनीत घुसली आणि तिथून उरणजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत पोहोचली. मर्स्कशी संलग्न कंपनी चालवत असलेल्या तिथल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. पुढे मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

या कहाणीतला एक प्रसंग भारनियमन अनुभवलेल्या प्रत्येकाने ऐकावा. कंपनीच्या नेटवर्कचा सगळा नकाशा जगभरच्या दीडशेच्या आसपास सर्व्हरवर होता. ते एकमेकांच्या प्रती होते, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहे, असा भरवसा होता. हल्ल्यात सगळे एकदमच पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयातला. कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

यातून घ्यायचे ते असे. वायरीला सतत जोडलेली प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे. पोर्टेबल डिस्क आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढा आणि कपाटात ठेवा. घानातल्या कार्यालयाची वीज योगायोगाने गेली होती, आपण वायर ठरवून काढायची.

प्रणालीच्या वयाचा प्रश्न आज अनेक कार्यालयांपुढे उभा आहे. विंडोज ७ ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० साठी मर्यादित काळाची वाढीव सोय आहे, पण ती वेळ काढण्यापुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. बारा वर्षांपूर्वीचा संगणक या अटीत बसत नाही. काही दुरुस्तीवाले अट चुकवून बसवून देतात. कार्यालयाच्या सर्व्हरवर असा प्रयोग नको.

जुन्या यंत्राला अधिकृत मार्ग आहे तो लिनक्सचा. ती मोफत आहे, जुन्या संगणकावर चालते आणि तिला नियमित दुरुस्त्या मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलेला 'सांबा' हा प्रोग्राम लिनक्सला विंडोजच्या भाषेत फायली शेअर करायला शिकवतो. कर्मचाऱ्यांच्या संगणकावर काहीच बदल दिसत नाही, तेच शेअर फोल्डर उघडते. पण एक प्रश्न आधी विचारा: बिघडले तर बघणार कोण? गावात किंवा लातुरात लिनक्स जाणणारा भरवशाचा माणूस नसेल, तर फुकटची प्रणाली महागात पडते.

आता निर्णय

एवढे समजले, की मुख्याध्यापकांपुढचा प्रश्न बराच सुटतो.

जुना संगणक वाढवणे कधी शहाणपणाचे? मदरबोर्ड निरोगी आहे, संगणक आपोआप बंद-चालू होत नाही, आत फुगलेले कॅपॅसिटर दिसत नाहीत, काम फक्त फायली ठेवण्याचे आहे आणि लिनक्स सांभाळणारे कोणी आहे. अशा वेळी नवी डिस्क, गरज असेल तर रॅम, नवा एसएमपीएस, तारीख विसरत असेल तर छोटा सेल आणि गिगाबिट स्विच एवढ्यात काम भागते. २०१०-११ च्या आधीचा संगणक असेल तर दोन टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क घेण्याआधी विचारा. त्या पिढीतले बहुतेक संगणक तेवढ्या मोठ्या डिस्कवरून सुरू होत नाहीत.

नवा कधी घ्यायचा? सर्व्हरवर एखादे हिशेबाचे किंवा दवाखान्याचे सॉफ्टवेअर चालते आणि त्याला विंडोजच हवी आहे. किंवा त्याच संगणकावर ई-मेल आणि इंटरनेटही पाहिले जाते. किंवा मदरबोर्ड कुरकुरतो आहे. अशा वेळी जुन्यात पैसे घालणे थांबवा. माझा ढोबळ आडाखा असा, की दुरुस्तीचे कोटेशन नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशापुढे गेले, तर नव्याचा विचार करावा. नवा घेतानाही 'सर्व्हर' असे नाव असलेले महाग यंत्र लागतेच असे नाही. साध्या विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी २० संगणकांना शेअरिंगची परवानगी असते. छोट्या कार्यालयाला ती पुष्कळ झाली.

एक तिसरी वाटही आहे आणि ती सहसा कोणी सुचवत नाही, कारण त्यात विक्री होत नाही. कार्यालयातला सगळ्यात नवा संगणक अनेकदा टायपिंगसाठी वापरला जातो आणि सगळ्यात जुना सर्व्हर म्हणून. विंडोज ११ चालणारा एखादा संगणक कार्यालयात असेल, तर त्याला सर्व्हर करा. जुन्यात नवी डिस्क आणि लिनक्स घालून तो नेटवर्कबाहेर राखीव ठेवा, किंवा निवृत्त करा.

विजेचा हिशेबही करून बघा. जुना संगणक ६० वॅट घेतो आणि चोवीस तास चालू आहे असे धरले, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट होतात. १० वॅटचा नवा छोटा संगणक ८८ युनिट घेईल. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला सुमारे ४,४०० रुपयांची बचत. पण जुना संगणक फक्त कार्यालयाच्या वेळात, दिवसाला नऊ तास आणि वर्षात २८० दिवस चालवला, तर तोही १५० युनिटच घेतो. मग बचत सव्वा हजारावर येते. रात्री बंद करण्याची सवय ही फुकटातली निम्म्याहून जास्त बचत आहे. वीज कमी घेणाऱ्या यंत्राचा खरा फायदा आपल्याकडे वेगळा आहे: त्याच यूपीएसवर ते कितीतरी जास्त वेळ तग धरते. लिहिण्याच्या मध्येच वीज गेली की फायली खराब होतात. म्हणून यंत्र नवे असो वा जुने, यूपीएसची बॅटरी तपासून घेणे चुकवू नका.

भंगारात जाते ते कुठे जाते

नव्याची एक किंमत बिलात दिसत नाही. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला होता, की एक संगणक आणि १७ इंची मॉनिटर बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागते. तो काळ जाडजूड मॉनिटरचा होता. आजचे आकडे वेगळे असतील, पण वस्तू वापरण्याआधीच तिच्यावर मोठा खर्च झालेला असतो हे बदललेले नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्या हिशेबाने एवढ्या पाण्यात जेमतेम ३३३ संगणक तयार झाले असते. चांगले यंत्र आणखी चार वर्षे चालवणे हीसुद्धा पाण्याची बचतच आहे.

जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे ती २२.३ टक्क्यांची. बाकीच्यातला बराचसा भंगाराच्या वाटेने जातो. तांब्यासाठी उघड्यावर वायरी जाळल्या की प्लास्टिकमधून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात. जुन्या सर्किटच्या डाखात शिसे असते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. किलोच्या भावाने भंगारवाल्याला देण्याआधी हे आठवावे.

देण्याआधी डिस्क मात्र काढून घ्या. नुसते 'फॉरमॅट मारल्याने' माहिती जात नाही, साध्या प्रोग्रामने ती परत मिळते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, पेशंटचे रिपोर्ट, कर्जदारांच्या सह्या कोणाच्या हाती पडतील ते सांगता येत नाही. डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करा, किंवा चकत्यांना भोके पाडून मगच ती पाठवा.

तोपर्यंत आज काय करायचे?

कोटेशन येईल, मंजुरी मिळेल, अनुदान जमा होईल. तोपर्यंत पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. आज संध्याकाळी कार्यालय बंद करताना सर्व्हरवरच्या सगळ्या फायली तिच्यावर कॉपी करा, वायर काढा आणि ती डिस्क दुसऱ्या जागी ठेवा. उद्या सकाळी ती दुसऱ्या संगणकाला जोडून कोणत्याही पाच फायली उघडून बघा. एक जुनी, एक नवी, एक मोठी, एक छोटी आणि जी हरवली तर पंचाईत होईल अशी एक. पाचही उघडल्या, तर तुमच्याकडे प्रत आहे. एखादी उघडली नाही, तर ते आज कळले हे बरे झाले. दर महिन्याला एकदा हेच करा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

हे झाले, की दोन्ही दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे निवांत ऐकता येते. डिस्क बदलायची की संगणक, हा मग फक्त पैशांचा आणि सोयीचा प्रश्न उरतो. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या आजोबांचा उतारा दोन्ही वाटांनी मिळतो.